देखाव्यात भोंगा वाजला तेव्हा

मसाला डोसा रुपयाच्या आत मिळायचा म्हणून तेव्हाची माणसं सुखात होती, हे तुम्हाला कोणी सांगितलं? आणि ज्याने सांगितलं, त्याला तुम्ही तेव्हाचा पगार विचारलात का?

मी विचारते. ही खोड मला घरातूनच लागली. बाकीची मुलं चित्रांच्या पुस्तकांवरून वाचायला शिकतात, मी पत्रकांवरून शिकले. माझ्या आईच्या वडिलांना घरात आणि बाहेर सगळेच आप्पा म्हणतात. ते अगदी तरुणपणी सांगलीकडून बेंगळुरात आले, शहराच्या पूर्वेच्या एका सरकारी कारखान्यात लेथवर टर्नर म्हणून लागले आणि निवृत्त होईपर्यंत युनियनचं काम करत राहिले. त्यांच्या पलंगाखालच्या पेटीत पत्रकांचे गठ्ठे असत. पिवळा नाहीतर गुलाबी पातळ कागद, एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. मराठी त्यात कुठेच नव्हतं, म्हणून आप्पा मला मांडीवर घेऊन एकेका ओळीवर बोट ठेवत मराठीत सांगायचे. प्रत्येक पत्रकाची सुरुवात 'कामगार बंधूंनो' अशी. कोणालाही काही लिहायचं तर असंच लिहायचं, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. शाळेत टीचरना रजेचा अर्ज लिहिताना मी वर 'डिअर फेलो वर्कर्स' असं लिहिलं आणि आईला बोलावणं आलं.

आता त्याच आप्पांना सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही. डॉक्टरांनी या आजाराचं नाव सांगितलं आहे, पण आम्ही घरात ते उच्चारत नाही. आई एवढंच म्हणते, "आज आप्पा इथे नाहीत." म्हणजे ते समोर खुर्चीत बसलेले असतात, पण त्यांच्या डोक्यात कुठलंतरी जुनं वर्ष चाललेलं असतं. बहुतेक वेळा ते सत्तरच्या दशकाच्या शेवटचं असतं. का, ते मला पुष्कळ उशिरा कळलं.

घरात आम्ही तिघंच, आई, आप्पा आणि मी. आजी आणि बाबा मी लहान असतानाच गेले. तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमच्या घरात एकच भीती होती आणि ती दाराची होती. त्याआधीच्या उन्हाळ्यात एका दुपारी आई आंघोळीला गेली तेवढ्यात आप्पा बाहेर पडले होते. संध्याकाळी ते भाजीबाजाराच्या मागच्या देवळात सापडले. अनवाणी गेले होते. तळपायांना फोड आले होते आणि ते पुजाऱ्याला सांगत होते की पाळी चुकली तर अर्ध्या दिवसाचा पगार कापतील. त्यानंतर आईने त्यांच्या प्रत्येक शर्टाच्या कॉलरीच्या आत लाल दोऱ्याने आपला फोन नंबर शिवला. कडी जराशी वाजली तरी ती उठून बसायची. आणि तिने एक कुलूप आणलं, दोन्ही बाजूंनी किल्ली लागणारं. ते फ्रिजवर पडलेलं होतं, अजून कागदात गुंडाळलेलं.

"माणूस आहे तो, कपाट नाही," मी म्हणाले.

"कपाट बरं. ते रस्ता ओलांडत नाही."

"म्हणजे त्यांनी जन्मभर ज्याच्याविरुद्ध भांडण केलं, तेच तू त्यांच्याशी करणार?"

"भाषण नको." आई कणीक मळत होती, तिने वर पाहिलं नाही. "तू दिवसभर इंदिरानगरात ऑफिसच्या एसीत बसतेस. इथे मी असते. पुन्हा एकदा, फक्त एकदा ते बाहेर गेले की मी कुलूप लावणार. मग तू खुशाल माझ्याविरुद्ध पत्रक काढ."

मला राग आला होता. माझ्या मते हा सरळ तत्त्वाचा प्रश्न होता. म्हाताऱ्या माणसाला त्याच्याच घरात कोंडायचं आणि त्याला काळजी म्हणायचं, हे मला मान्य नव्हतं. आई इतकी का घाबरते, हे विचारावं असं मात्र मला सुचलं नाही. मला वाटलं, तिला भीती आजाराची आहे.

याच सुमारास आमच्या राजाजीनगरातल्या मराठी मंडळाच्या गणपतीची तयारी सुरू झाली. दरवर्षी एक देखावा असतो. त्या वर्षी समितीने ठरवलं की हॉलमध्ये सत्तरच्या दशकाच्या शेवटचं बेंगळुरू उभं करायचं. हॉटेल, सिनेमाच्या तिकिटाची खिडकी, तासावर सायकली देणारं दुकान, पानपट्टी, घराघरातला रेडिओ. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर लगेच जुन्या भावांचा पाऊस पडला. कॉफी इतक्या पैशांत, बाल्कनीचं तिकीट इतक्यात, सोन्याचा भाव असा. प्रत्येक मेसेजखाली उसासे. 'काय दिवस होते.' 'पैशाला किंमत होती.' 'माणसं समाधानी होती.'

मी लिहिलं, 'भावफलक लावताय तर शेजारी पगाराचा फलकही लावा.'

मग समितीच्या अध्यक्षकाकांचा फोन आला. हे बँकेतून निवृत्त झालेले, मूळचे मुंबईतल्या परळचे, मनाने अगदी चांगले.

"अगं, देखावा आहे तो. मोर्चा नाही."

"मी मोर्चा काढा म्हणत नाहीये, काका. रॉकेलची रांग दाखवा म्हणतेय. रेशनवर पामतेल कधी येईल याची वाट बघणारी माणसं दाखवा. गॅसचा नंबर लावून वर्षानुवर्षं बसलेली माणसं. रेडिओ ऐकायला पोस्टात लायसन भरावं लागायचं, ते तरी दाखवा."

"लहान मुलं येतात गं. त्यांना रांग दाखवून काय मिळणार?"

"आधार कार्डाच्या रांगेत उभी राहिलीत ती. त्यांना कळेल."

काका हसले. शेवटी तडजोड झाली. मागची एक भिंत माझी. तिथे मी आप्पांची पत्रकं लावायची, पण हॉटेलच्या फलकाला हात लावायचा नाही. आणि आप्पांना हॉलवर घेऊन यायचं, म्हणजे सामान बरोबर आहे की नाही ते ते सांगतील.

तर आप्पा यायला लागले. तिथे ते खूश असायचे. हॉटेलच्या टेबलावर कोणीतरी दोन पेले ठेवले होते. त्यांनी एक कॉफी दोघांत कशी वाटतात ते ओतून दाखवलं, बाय-टू. सायकलच्या दुकानात पंपाजवळ पाण्याचं घमेलं हवं, त्याशिवाय पंक्चर कसं शोधणार, म्हणाले. अध्यक्षकाकांनी देखाव्यातल्या घराच्या खोलीत लाकडी दारांचा जुना टीव्ही आणून ठेवला होता. त्याच्यासमोर आप्पा बराच वेळ उभे राहिले.

"हा काय आहे?"

"टीव्ही, आप्पा. आम्ही शेजाऱ्यांकडे जमायचो ना बघायला, रविवारी संध्याकाळी सिनेमा लागायचा."

"कुठे?"

"परळला."

"मग तो परळला ठेवा," आप्पा म्हणाले. "इथे कुठला आलाय टीव्ही."

सगळे हसले आणि टीव्ही उचलून नेला गेला. बेंगळुरात तेव्हा टीव्ही आलाच नव्हता. काका बेंगळुरूच्या नावाखाली परळच उभं करताहेत, हे मला तेव्हाच लक्षात यायला हवं होतं असं कोणी म्हणेल. पण आम्ही सगळेच असे आहोत. आमचं मंडळ म्हणजे पुण्याची, मुंबईची, सोलापूरची माणसं. नोकरीसाठी आलो आणि राहिलो. इथली म्हणून जी आठवण आम्ही सांगतो, ती पुष्कळदा तिथली असते. बेंगळुरूच्या रस्त्यावर परळ उभं करण्याची चूक आमच्याशिवाय दुसरं कोणी करणार नाही.

टीव्ही गेला, पण काकांच्या डोक्यातून परळ गेलं नाही. गणपती बसल्यानंतरच्या रविवारी दुपारी ते एक पेनड्राइव्ह घेऊन आले. मी तेव्हा स्टुलावर चढून माझ्या भिंतीचे निघालेले कोपरे चिकटवत होते. त्यांनी काय आणलंय ते मला माहीत नव्हतं.

त्या रविवारी सगळ्यांनी जुन्या पद्धतीचे कपडे घालून यायचं ठरलं होतं. आयटीतली मुलं बेलबॉटम घालून आणि कल्ले चिकटवून आली होती. बायका मोठमोठ्या फुलांच्या नायलॉनच्या साड्यांत. आईने ट्रंकेतून आप्पांचा टेरीकॉटचा शर्ट काढला, लांब टोकांच्या कॉलरीचा, फिका निळा. त्यांनी तो घातला, आरशात बघितलं आणि खिशात कंगवा ठेवला. आईने कॉलरीचा आतला भाग उलटून पाहिला. त्यावर नंबर शिवलेला नव्हता.

"तासाभराचा तर प्रश्न आहे," ती स्वतःलाच म्हणाली. "आणि सगळे आहेत तिथे."

हॉलमध्ये तिने आप्पांना दाराजवळच्या टेबलापाशी बसवलं, जिथे मंडळाच्या चिटणीस बाई कार्यक्रमपत्रिका वाटत होत्या. मग ती प्रसादाच्या ताटांचं बघायला आत गेली. आरतीला अजून वेळ होता. बाहेर ऊन होतं.

आणि भोंगा वाजला.

तुम्ही कारखान्याचा भोंगा ऐकला आहे का, मला माहीत नाही. मी तोवर ऐकला नव्हता. आधी खालून, पोटातून आल्यासारखा आवाज येतो, मग तो वर चढतो आणि वरच थांबून राहतो. हॉलच्या चारही स्पीकरमधून तो एकदम आला. मुलांनी कानात बोटं घातली. बायका हसायला लागल्या. काका माइकवर म्हणाले, "आमच्या परळला यावर घड्याळं लावायचे बरं का मंडळी. इथेही कारखाने होतेच की." आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आतून आई धावत आली. तिच्या हाताला खोबरं लागलेलं होतं. तिचा चेहरा मी कधीच पाहिला नव्हता असा झाला होता. ती माझ्याकडे बघत नव्हती, काकांकडेही नाही. ती दाराजवळच्या खुर्चीकडे बघत होती. खुर्ची रिकामी होती.

पहिली काही मिनिटं कोणी घाबरलं नाही. बाथरूममध्ये असतील. चप्पल स्टँडपाशी असतील. काकांनी माइकवरून हाक मारली. मग बेलबॉटम घातलेली मुलं दोन्ही बाजूंच्या रस्त्यांवर धावली, आणि चिकटवलेले कल्ले सुटलेली ती पोरं दुकानादुकानात जाऊन 'तात्ता, ब्लू शर्ट' असं, निळ्या शर्टातले आजोबा दिसले का म्हणून, विचारताना दिसायला लागली. लोक त्यांच्याकडे बघून हसत होते, शूटिंग आहे का विचारत होते. मला हसणाऱ्या एकेकाचा गळा धरावासा वाटला. मोठ्या रस्त्यावर बस, टेम्पो, गणपतीच्या मिरवणुकीचा ट्रॅक्टर, सगळं एकमेकाला खेटून चाललं होतं. मी दुभाजकावर उभी राहून प्रत्येक पांढऱ्या डोक्याकडे बघत होते. मला एकच गोष्ट दिसत होती, बसच्या चाकाखाली निळं टेरीकॉट. डोळे मिटले तरी ते जात नव्हतं.

परत आले तेव्हा चिटणीस बाई आईला काहीतरी सांगत होत्या. त्या रडायच्या बेतात होत्या.

"ते कार्यक्रमपत्रिका घेऊन गेले हो. मला वाटलं, बाहेर वाटताहेत. मी म्हटलं, बरं झालं, आजोबांना काहीतरी काम."

"किती घेतल्या?" आईने विचारलं.

"सगळा गठ्ठा."

आईने पदराला हात पुसले. "शिवाजीनगर," ती म्हणाली.

"काय?"

"बसस्टँड. रिक्षा थांबव."

काका म्हणाले, त्यांचा कारखाना तर शिवाजीनगरच्याही पार पलीकडे आहे, गाडी काढतो, आधी तिथे जाऊ. आई त्यांच्याशी वाद घालत बसली नाही. ती रस्त्यावर जाऊन एका रिक्षासमोर हात आडवा धरून उभी राहिली.

"शिवाजीनगर. अण्णा, स्वल्प बेग." जरा लवकर, एवढंच ती म्हणाली.

"सरी अम्मा," रिक्षावाला म्हणाला, पण रस्त्यावर इतकी गर्दी होती की त्याच्या हातात काही नव्हतं. मल्लेश्वरमपर्यंत आम्ही सिग्नलला उभेच होतो. आई बाहेर बघत होती. मी तिला विचारलं, शिवाजीनगरच का. मग शेषाद्रीपुरमच्या अलीकडे कुठेतरी ती बोलायला लागली. रस्त्याकडे बघतच बोलत होती, जणू तिथे काही लिहिलेलं होतं आणि ती वाचून दाखवत होती.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी, ती सात-आठ वर्षांची असताना कारखान्यात संप झाला होता. हे मला माहीत होतं, माझ्या भिंतीवर त्या संपाची पत्रकं होती. जे माहीत नव्हतं ते असं. संप असला तरी भोंगा रोज वाजायचा. व्यवस्थापन तो वाजवतच राहायचं. ते राहत त्या कारखान्याच्या क्वार्टर्समधल्या प्रत्येक घरात तो ऐकू यायचा. भोंगा वाजला की आप्पा पत्रकांचा गठ्ठा शर्टात घालून निघायचे, पण कारखान्याकडे नाही. शहरातून येणारे कामगार शिवाजीनगरला बस बदलायचे. तिथे पोचायचं, ते बसमध्ये चढायच्या आत त्यांच्या हातात पत्रक द्यायचं आणि आज आत जाऊ नका म्हणून सांगायचं, हे आप्पांचं काम.

"आई माझ्या कानांवर हात ठेवायची," माझी आई म्हणाली. "भोंगा संपेपर्यंत. म्हणजे मला ते गेलेले कळू नये. पण मला कळायचं. मी खिडकीत जाऊन बसायचे."

"मग?"

"मग काय. कधी यायचे. एकदा डोकं फुटून आले. आईने हळद भरली आणि मला सांगितलं, आप्पा सायकलवरून पडले. सायकल घरात उभी होती." रिक्षा थोडी पुढे सरकली. "एकदा आलेच नाहीत. पोलीस घेऊन गेले. आम्हाला कोणी सांगितलं नाही. दोन दिवस मी खिडकीतून उतरले नाही. आई मला तिथेच भात भरवायची. शेजारी रेडिओ लावायचे मोठ्याने, हिंदी गाणी. अजून ती गाणी लागली की मी रेडिओ बंद करते. तुम्ही लोक लावलीत ना हॉलमध्ये, तीच."

आठवडाभर ती हॉलमध्ये प्रसादाची ताटं लावत होती आणि तीच गाणी वाजत होती. एकदाही ती काही बोलली नाही.

मला पत्रकं पाठ आहेत. त्यात महागाई आहे, बोनस आहे, निलंबित कामगारांची यादी आहे, सरकारला दिलेला इशारा आहे. कुटुंबांबद्दल त्यात एकच वाक्य येतं आणि ते प्रत्येक पत्रकात तसंच्या तसं येतं: 'कुटुंबीयांनी धीर धरावा.' मी लहानपणी ते कितीदा वाचलं असेन. धीर धरणारी ती मुलगी माझ्या शेजारी रिक्षात बसली होती, तिच्या नखांत खोबरं अडकलं होतं, आणि मी तिला विचारलं होतं की आप्पांनी जन्मभर ज्याच्याविरुद्ध भांडण केलं, तेच तू त्यांच्याशी करणार का.

कनिंगहॅम रोडला रिक्षा पुन्हा अडकली. मी उतरून पळत जायचं म्हटलं तर आईने माझं मनगट पकडलं. तिला एकटीला बसायची भीती वाटत होती. ते तिने सांगितलं नाही, पण तिचा हात सुटला नाही.

शिवाजीनगरला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मेट्रोच्या कामाने अर्धा रस्ता खाल्लेला, बाजाराची गर्दी, फलाटाफलाटावर बसची तोंडं. इतक्या माणसांत एक माणूस शोधायचा होता. मी चौकशीच्या खिडकीकडे निघाले. आई मात्र सरळ, कोणालाही न विचारता, जिथून बस फलाटात वळतात त्या तोंडाशी गेली. ती इथे याआधी कधी आली होती का, तेही मला माहीत नाही. कदाचित खिडकीत बसून तिने ही जागा इतक्या वेळा मनात पाहिली असेल की तिला विचारावं लागलं नाही.

आप्पा खांबाला टेकून उभे होते. इतक्या लांब ते बसने आले की चालत, हे आम्हाला कधीच कळलं नाही. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. बसमधून उतरणाऱ्या माणसाच्या डोळ्यात बघायचे आणि मगच कागद पुढे करायचे. आश्चर्य म्हणजे लोक घेत होते. बुरखा घातलेल्या एका बाईने कागद घेतला, उलटसुलट करून बघितला.

"क्या है चाचा?"

"पढ लो बहन," आप्पा खालच्या आवाजात म्हणाले. "आज अंदर मत जाना."

तिच्या हातातल्या कागदावर मराठीत उकडीच्या मोदकांच्या स्पर्धेची वेळ छापलेली होती. तिने मान हलवली आणि तो नीट घडी घालून पर्समध्ये ठेवला.

मला हाक मारायची होती. आईने मला मागे सरकवलं आणि ती हळूच त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर ओळख आली, पण ती मुलीची नव्हती.

"तू इथे कशाला आलीस?" ते रागावले. "पोरीला एकटीला ठेवून?"

आई आपल्या आईसारखी दिसते, सगळेच म्हणतात. मी तिच्या पाठीमागे होते, मला तिचा चेहरा दिसला नाही.

"एकटी नाही," ती म्हणाली. "शेजारच्या आहेत. पण ती खिडकीत बसलीय. तुम्ही आल्याशिवाय उतरणार नाही म्हणते."

आप्पांनी हातातल्या गठ्ठ्याकडे बघितलं. "जेवली का?"

"नाही."

"हट्टी आहे."

"तुमच्यावर गेलीय. चला."

"एवढी संपू देत. पुढची पाळी यायची आहे."

"ही वाटेल," आईने माझ्याकडे बोट दाखवलं.

आप्पांनी मला खालून वर न्याहाळलं. मी कोण हे त्यांना कळलं नाही, पण कोणीतरी आपल्यातलं माणूस आहे एवढं पटलं असावं. त्यांनी उरलेला गठ्ठा माझ्या हातात दिला. "हात पुढे करून नुसतं उभं राहायचं नाही," ते म्हणाले. "आधी डोळ्यात बघायचं, मग द्यायचं. आणि पोलीस दिसला तर पळायचं नाही, चालायचं."

आईने त्यांचा दंड धरला. दोघं रिक्षांकडे निघाले. मी तिथेच उभी राहिले, कारण आप्पा वळून बघत होते. मी कागद वाटायला लागले. एका माणसाने कागद घेता घेता विचारलं, मॅडम, काही झालंय का. आयुष्यभर मला पत्रकं वाटायची होती आणि पहिल्यांदा वाटली ती ही. ते गर्दीत दिसेनासे झाल्यावरच मी हात खाली घेतला.

त्याच संध्याकाळी आईने फ्रिजवरचं कुलूप कागदातून काढलं. मी स्क्रूड्रायव्हर शोधून दिला. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही, पण ते का आहे हे आता मला माहीत आहे. दर रविवारी सकाळी आम्ही दोघी ते उघडतो आणि आप्पांना शिवाजीनगरला घेऊन जातो. ते खांबापाशी थोडा वेळ उभे राहतात, बस बघतात, दमले की चला म्हणतात. ज्या दिवशी ते तेवढंही चालू शकणार नाहीत त्या दिवसाची मला भीती वाटते. कडी वाजली की आता मलाही जाग येते.

काका दुसऱ्या दिवशी सकाळीच घरी आले. त्यांनी भोंगा काढून टाकला होता. दारातच उभे होते, आत यायला तयार नव्हते. आईने त्यांना चहा दिला आणि विचारलं, "भाऊजी, परळला भोंगा वाजला की तुम्ही काय करायचात?"

काकांनी घड्याळाचं सांगायला सुरुवात केली. मग मध्येच थांबले. "माझे वडील रात्रपाळीला असायचे," ते म्हणाले. "सकाळचा भोंगा झाला की मी जिन्यात येऊन बसायचो. मिलमध्ये अपघात व्हायचे ना." त्यांनी हे आधी कोणाला सांगितलं नव्हतं. चहा गार झाला, पण त्यांनी तो घेतला नाही, आणि आईही उठली नाही.

म्हणून माझी एक विनंती आहे, आणि ती तुम्ही हे वाचून ठेवून द्यावी म्हणून केलेली नाही. तुमच्या घरात, सोसायटीत, मंडळात त्या काळी लहान असलेलं कोणीतरी आहे. जुने भाव त्यांनी तुम्हाला हजारदा सांगितले असतील. या आठवड्यात एकदा त्यांच्या शेजारी जाऊन बसा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि विचारा: तेव्हा तुम्हाला कशाची भीती वाटायची? ते आधी हसतील. मग डोशाचा भाव सांगतील. तो ऐकून घ्या. उठू नका.